शेवटच्या वर्षाचं इलस्ट्रेशन प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

एका विद्यार्थिनीचं फायनल प्रोजेक्ट पाहायला बसले होते. चौदा चित्रं भिंतीवर ओळीनं लावलेली. रंग सुरेख, रेषेवर पकड, चेहरे बोलके. तरी काहीतरी खटकत होतं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की चौदाही चित्रांत एकाही माणसाचे हात दिसत नव्हते. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे टेबलाखाली, तर कुणी मोठा खोका छातीशी धरून उभं. "हात कुठे गेले सगळ्यांचे?" असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला हात येत नाहीत. म्हणून मी कथाच तशी बदलली."

शेवटच्या वर्षातल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हेच असतं. वरवर पाहता चूक तंत्राची दिसते. पण ज्याची भीती वाटते ते टाळत टाळत आपण प्रोजेक्ट पुढे ढकलत नेतो आणि ते टाळणं शेवटी चित्रात उतरतं. आधी आत्मविश्वास येईल आणि मग काम सुरू करू, अशी वाट पाहत बसलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी घाबरत घाबरत का होईना, रफ काढून दुसऱ्याला दाखवलं, त्यांची गाडी रुळावर आली.

विषय आभाळाएवढा घेणं

'काळ', 'एकटेपण', 'निसर्ग आणि माणूस'. प्रस्तावात असे विषय भारदस्त वाटतात, पण पेन्सिल हातात घेतली की घोडं अडतं, कारण 'काळ' काढायचा कसा? विषयाचं एका वाक्यात रूपांतर करा, आणि त्या वाक्यात कोण, कुठे आणि काय करतंय हे तिन्ही असू द्या. 'आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ नातू रात्री चोरून उघडतो' या वाक्यात काळही आहे आणि काढायला काहीतरी हातात लागतंही आहे. वाक्य जमलं की नाही हे तपासायचं असेल, तर दहा मिनिटांत त्यावरून तीन छोटी रफ निघतात का ते पाहा. निघत नसतील तर वाक्य अजून धूसर आहे.

डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची वही, न करता थेट फायनलला हात घालणं

मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक ही, म्हणून इथे जरा थांबते.

चित्रपुस्तक करायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यात पहिलं पान घेऊन बसायचं आणि ते इतकं बारकाईनं रंगवायचं, की त्यातच तीन आठवडे जातात. मग हिशेब केल्यावर कळतं, की याच वेगानं गेलं तर पुस्तक पुढच्या वर्षी पूर्ण होईल. मग शेवटची पानं घाईत उरकली जातात. पुस्तक चाळणाऱ्याला तो फरक लगेच दिसतो.

चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, त्यामागे छपाईचं गणित आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की 16 पानांचा फर्मा होतो, आणि असे दोन फर्मे म्हणजे 32 पानं. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा केलं की गोष्टीसाठी साधारण बारा ते चौदा स्प्रेड उरतात. स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं. मधे पिन मारून पुस्तिका करणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. तीस पानांची पुस्तिका घेऊन छापखान्यात गेलात तर दोन पानं कोरी सोडावी लागतात किंवा ऐन वेळी भरावी लागतात.

म्हणून फायनलच्या आधी डमी करा. ए4 आकाराचे आठ साधे कागद एकत्र ठेवून मधे दुमडा, पिना मारा, की 32 पानांची वही तयार. तिच्यात पेनानं, अगदी काड्यांची माणसं काढून, सगळी गोष्ट मांडा. वही हातात घेऊन पानं उलटलीत की पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. गोष्टीतलं रहस्य डाव्या पानावरच फुटलंय आणि उजव्या पानावर सांगायला काही उरलेलं नाही. सलग चार स्प्रेडमध्ये माणसं एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून दिसतायत. पान उलटायला लावेल असं उजव्या पानाच्या कडेला काहीच नाही. या चुका काड्यांच्या माणसांवर दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात. रंगवून झाल्यावर त्याच दुरुस्तीला आठवडा लागतो आणि जीवही तुटतो.

एक स्प्रेड पूर्ण करायला खरंच किती तास लागतात, हे एकदा घड्याळ लावून मोजा. अंदाज जवळपास नेहमी निम्मा निघतो. त्या खऱ्या आकड्याला स्प्रेडच्या संख्येनं गुणा. उरलेल्या दिवसांत ते बसत नसेल तर तंत्र साधं करा किंवा पानं कमी करा, आणि हा निर्णय आत्ताच घ्या.

पाचव्या पानावरचा मुलगा नवव्या पानावर मोठा होणं

लक्षण असं, की पात्र प्रत्येक पानावर थोडं वेगळं दिसतं आणि का ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा कारण डोकं आणि शरीर यांच्या प्रमाणात असतं. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात आणि लहान मुलाची चार-पाच. एका पानावर चार डोक्यांचा काढलेला मुलगा दुसऱ्या पानावर सहा डोक्यांचा झाला, की वाचकाला तो त्याचा मोठा भाऊ वाटतो. कपडे तेच, केस तेच, तरीही.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे : मॉडेल शीट. पात्र समोरून, बाजूनं आणि पाठीमागून, एकाच उंचीच्या रेषांमध्ये काढा. शेजारी पाच-सहा भाव काढा आणि मुख्य पात्रं एकमेकांशेजारी उभी करून उंचीचा फरक नक्की करा. हा कागद टेबलासमोर चिकटवा. फोल्डरमध्ये ठेवलात तर तो उघडला जात नाही, हे अनुभवानं सांगते.

रंग सुंदर, पण चित्र सपाट

यासाठी दोन तपासण्या पुरतात. चित्राची कृष्णधवल प्रत करून पाहा. मुख्य पात्र आणि मागची भिंत एकाच करड्या छटेची झाली असतील, तर रंग कितीही बदललेत तरी पात्र उठून दिसणार नाही. तिथे उजेड आणि अंधाराची मांडणीच बदलायला हवी. दुसरी तपासणी, चित्र आरशात पाहा किंवा पडद्यावर आडवं उलटवा. तासन्‌तास पाहून डोळ्यांना सवय झालेला वाकडा जबडा, कललेली खिडकी, एकीकडे घसरणारी माणसं क्षणात दिसतात. मी अजूनही प्रत्येक चित्राला हे करते.

छपाईच्या आदल्या रात्री कळणाऱ्या गोष्टी

माझ्या विद्यार्थिदशेत मी एका स्प्रेडच्या बरोबर मधोमध आजीचा चेहरा काढला होता. पडद्यावर तो भव्य दिसत होता. पुस्तक बांधून हातात आलं तेव्हा आजीचं नाक आणि अर्धा डोळा शिलाईच्या खाचेत गेले होते. ते पान मी ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. स्प्रेडच्या मध्यावर चेहरा, हात किंवा मजकूर ठेवू नका, हे त्या दिवसापासून कुणालाही पहिल्यांदा सांगते.

बाकीच्या गोष्टी फाइल सुरू करतानाच ठरवायच्या आहेत. छपाईसाठी प्रत्यक्ष आकारात 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, लागतात. म्हणजे ए4 चं पान 2480 गुणिले 3508 पिक्सेलचं हवं. 72 डीपीआयवर काढलेल्या चित्राचा आकडा नंतर बदलून 300 केलात तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजानं भरतं, तपशील वाढत नाही. कागदाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारी बाजूंनी साधारण 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारं जादा चित्र, ठेवा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. मजकूर कडेपासून किमान 10 मिलिमीटर आत असू द्या. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. तो चार शाईंचा मिळून झालेला असेल आणि छपाईत शाई केसभर जरी सरकली, तर अक्षरांना रंगीत कडा येतात.

रंगांचं दुखणं सगळ्यांनाच भोवतं. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांत. छपाई शाईनं होते, सीएमवायकेत, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंत, आणि शाईचा आवाका लहान असतो. झगमगता हिरवा मंदावतो, भडक निळा जांभळटाकडे झुकतो, तेजस्वी केशरी मलूल होतो. शेवटच्या दिवशी हे पाहून रडणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना वाटत असतं की आपलं चित्रच वाईट आहे. तसं नसतं. पहिला स्प्रेड पूर्ण झाला की पुस्तक ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, काढा आणि पुढचे रंग ते प्रूफ समोर ठेवून निवडा.

हातानं रंगवणाऱ्यांसाठी थोडक्यात : जलरंगाला 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) खालचा कागद वापरायचा असेल तर तो आधी भिजवून बोर्डावर ताणून चिकटवा, नाहीतर कागद फुगतो आणि स्कॅनमध्ये सावल्या येतात. शाईची रेखाचित्रं 600 डीपीआयवर स्कॅन करा. मूळ स्कॅन जेपेगमध्ये पुन्हापुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी दर्जा घसरतो. फाइलची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

स्वतःची शैली शोधण्यात वर्ष घालवणं

शैली शोधून सापडत नाही. पन्नास चित्रं झाली की तुमची रेघ कुठे जाड होते, कोणता रंग तुम्ही नकळत निवडता, हे इतरांना दिसायला लागतं. तोवर एका प्रोजेक्टपुरती दोन-तीन साधनं आणि सहा-सात रंग ठरवा आणि त्यांच्यावर टिकून राहा. आणि दुसऱ्याचा फोटो ट्रेस करू नका. हवी ती मुद्रा स्वतः करून, कुणाला तरी फोटो काढायला सांगा. उजेड आपल्याला हवा तसा मिळतो आणि चित्रही आपलंच राहतं.

दाखवायच्या आधीच माफी मागणं

"हे अजून नीट झालेलं नाही." "इथे लक्ष देऊ नका." "घाईत केलंय." हे ऐकल्यावर समोरच्याची नजर नेमकी तिथेच जाते. मग चर्चा माफीवर होते आणि चित्र बाजूला राहतं. काम समोर ठेवा आणि नेमका प्रश्न विचारा : "ही मुलगी घाबरलेली वाटते की रागावलेली?" "नजर आधी कुठे गेली?" "कसं वाटलं?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यातून हाती काही लागत नाही.

टीका ऐकताना समजावत बसू नका, लिहून घ्या. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा खरंच बिघडलेली आहे, मग त्यांनी सुचवलेले उपाय पटोत न पटोत. एकट्याच माणसाला खटकलेली गोष्ट दोन दिवस ठेवून मग ठरवा.

नकार आला तर तो त्या वेळचा असतो. इंग्रज लेखिका-चित्रकार बिअट्रिक्स पॉटर यांच्या पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीला प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा डिसेंबर 1901 मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं 250 प्रती छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते पुस्तक रंगीत चित्रांसह काढलं. स्वतः बांधलेल्या पुस्तकाला कमी लेखू नका, आणि ज्युरी झाल्यावर ते कपाटात टाकून देऊ नका.

शेवटी पहिलं चित्र नकोसं वाटणं

प्रोजेक्ट संपत आलं की सुरुवातीची चित्रं कच्ची दिसू लागतात. हात सुधारल्याची ती खूण आहे, पण त्या भरात सगळं पुन्हा करायला घेतलंत तर मुदत हुकते. म्हणून मधल्या स्प्रेडपासून सुरुवात करा आणि पुस्तकाचं पहिलं व शेवटचं पान सगळ्यांत उशिरा करा. ज्युरीला तीच आधी दिसतात आणि तीच लक्षात राहतात. फार तर एक जुनं चित्र नव्यानं करा आणि जुनं फेकू नका, तारीख घालून ठेवा.

त्या विद्यार्थिनीनं रोज रात्री स्वतःच्या डाव्या हाताची पाच चित्रं काढायला घेतली. पेला धरलेला, बटण लावणारा, दोरी ओढणारा. सहा आठवड्यांनी तिनं चौदापैकी एकच चित्र बदललं. पूर्वी त्यात आई खिडकीशी पाठमोरी उभी होती. नव्या चित्रात ती दिव्याजवळ बसून सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचं टोक ओलं करून चिमटीत धरलेलं, करंगळी किंचित वर उचललेली. अंगठा जरा जास्तच लांब झाला होता. ते चित्र तिनं भिंतीच्या मधोमध लावलं.