सात-आठ लाखांत नागपुरात किरायाचं घर कसं उभं करावं

चार बिऱ्हाडांची इमारत कर्जावर घ्या, किरायातून हप्ता फेडा आणि निवांत बसा, असं सांगणारे व्हिडिओ अमेरिकेत कदाचित खरे ठरत असतील. नागपुरात हे गणित बसत नाही. इथे ३० लाखांच्या घराला महिन्याला आठ-दहा हजार किराया मिळाला तरी वर्षाकाठी किमतीच्या तीन-चार टक्केच हाती येतात, आणि गृहकर्जाचं व्याज त्याच्या दुपटीच्या आसपास असतं. म्हणून थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्यासाठी मला एकच वाट पटते. दोन-तीन स्वयंपाकघरं निघतील असं लहान घर घ्यायचं, एका भागात आपण राहायचं आणि बाकीचं किरायाने द्यायचं. आज दुसऱ्याला देता तो किराया वाचतो, तीही कमाईच.

आधी वडिलांच्या घराकडे बघा

मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर अशा भागांत आई-वडिलांनी बांधलेलं एकमजली घर असेल, तर जमिनीचा सर्वांत मोठा खर्च आधीच झालेला आहे. वर मजला चढवणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. पण काम काढण्याआधी भावंडांशी बोलून घ्या. मालकी आई किंवा वडिलांच्या नावावर असेल तर बांधकाम तुमच्या पैशाचं आणि घर सगळ्यांचं, असं पुढे होतं. वारसाहक्काने आलेल्या घरातला हिस्सा भाऊ-बहीण खुशीने सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मालमत्तेसाठी त्याचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात फक्त ५०० रुपये आहे. तोंडी 'तूच बांध ना' यावर मात्र एक वीटही रचू नका.

जुन्या घराचे कॉलम वरचा मजला पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ठेकेदाराला नाही. नकाशा मंजुरी प्लॉट ज्या हद्दीत येतो त्याप्रमाणे मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्याकडून घ्यावी लागते.

घर विकत घ्यायचं असेल तर खिशातून किती लागतात

समजा शहराच्या कडेचं ३२ लाखांचं जुनं दुमजली घर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे इथे २८ लाख ८० हजार. उरलेले ३ लाख २० हजार आपले. त्यावर मुद्रांक शुल्क. नागपूर शहरात सात टक्के धरा, म्हणजे २ लाख २४ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर एक टक्का सूट मिळते आणि ३२ हजार वाचतात; नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. वकील, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) आणि डागडुजी मिळून दीड लाख ठेवा. बेरीज सव्वासात लाखांच्या आसपास जाते. हे शुल्क बँक सहसा कर्जात धरत नाही, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

९० टक्के ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. बँकेचा माणूस जुन्या घराची किंमत २८ लाखच लावून गेला, तर फरक तुम्हालाच भरायचा. शिवाय विकणारा 'थोडे वरचे नगदी द्या' म्हणाला, की थोड्या पैशावाल्याचं काम तिथेच संपलं समजा. त्या रकमेवर कर्ज मिळत नाही, आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता २५ हजारांच्या आसपास येतो. वरच्या मजल्याचे ८ हजार, मागच्या खोलीचे साडेतीन हजार आणि तुमचा वाचलेला ९ हजार किराया धरून साडेवीस हजार होतात. साडेचार हजार दर महिन्याला पगारातून घालावे लागतील. वर्षातून एखादा महिना खोली रिकामी राहील, मोटार जळेल, टाकी गळेल. सहा हप्ते बाजूला ठेवता येत नसतील तर आणखी वर्षभर थांबलेलं बरं.

किरायेदार कुठे आहेत ते पाहून घर शोधा

धरमपेठ, रामदासपेठ असे महागडे भाग विसरा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या आसपास हनुमाननगर-अजनीकडे परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, विद्यार्थी राहतात. हिंगणा रोडवर एमआयडीसी आणि वानाडोंगरीची अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, शिवाय प्रजापतीनगरहून येणाऱ्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन लोकमान्यनगर तिथेच आहे. मिहान (विमानतळाजवळचा उद्योग आणि आयटीचा भाग) आणि एम्ससाठी खापरी, बेसा, मनीषनगर. संध्याकाळी त्या गल्ल्यांतून फिरा, 'किरायाने देणे आहे' या पाट्यांवरच्या नंबरांना किरायेदार म्हणून फोन लावा. तीच पाटी महिनाभराने तशीच लटकलेली दिसली तर तिथे खोल्या जास्त आणि माणसं कमी आहेत. दलाल सांगेल तो आकडा नव्हे, या फोनवर कळलेला आकडा गणितात घाला.

कागदपत्रं

नागपुरात स्वस्त घर बहुधा कागदांमुळे स्वस्त असतं. शेतजमिनीचे तुकडे पाडून पडलेले ले-आऊट इथे शेकड्यांनी आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यांतले बरेच नासुप्रने नियमित केले. ५७२ आणि १९०० ले-आऊट, ही अशा ले-आऊटच्या गटांची नावं, तुमच्या कानावर येतीलच. जाहिरातीत 'आरएल' (रिलीज/रेग्युलरायझेशन लेटर, म्हणजे नियमित केल्याचं पत्र) लिहिलेलं असलं तरी त्या पत्राची मूळ प्रत आणि भरलेल्या डिमांडची (त्यासाठी मागितलेल्या शुल्काची) पावती हातात घेऊन प्लॉट नंबर आणि क्षेत्रफळ जुळवा. ले-आऊट नियमित झाला म्हणजे त्यावरचं घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे, असं होत नाही.

जमीन कुणाची, हा दुसरा प्रश्न. जुन्या वस्त्यांत नझूलचे किंवा नासुप्रच्या लीजचे प्लॉट भेटतात. तिथे मालक सरकार किंवा नासुप्र, आपण पट्टेदार. लीजची मुदत किती उरली, हस्तांतराची परवानगी मिळेल का आणि त्याचे किती भरावे लागतील, हे इसार देण्याआधी ठरवा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या. तो बँकेच्या पॅनलवरचा असेल तर कर्जाच्या वेळी तेच काम दुसऱ्यांदा करावं लागत नाही. घरटॅक्स, पाणी आणि विजेची थकबाकी विकणाऱ्याकडूनच भरून घ्या, नाहीतर ती तुमच्या गळ्यात पडते.

एका घराची दोन-तीन बिऱ्हाडं करताना

जिना बाहेरून हवा. तुमच्या बैठकीतून वर जाणारा किरायेदार सहा महिनेही टिकत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं वीज मीटर घ्या. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. एकाच मीटरवर दोन घरांचे कूलर चालले की सगळेच वरच्या टप्प्यात जातात आणि मे महिन्याच्या बिलावरून भांडण ठरलेलं.

आणि हो, मे महिना. ४५ अंशांत स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत धगधगते. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप, खिडकीला कूलरची जाळी आणि जवळ पाण्याचा नळ एवढं केलं तरी माणूस दुसरा उन्हाळा काढतो. चकचकीत टाइल्सपेक्षा पैसे इथे घाला. घर बोअरवर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी पुरतं का, हे शेजाऱ्यांना विचारा.

करारनामा

११ महिन्यांचा करार शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर केला की झालं, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला की अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं आधी खरं मानलं जातं. अशा कराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी ऑनलाइन होते, मनपा हद्दीत फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का. किरायेदाराची माहिती पोलिसांकडेही द्या.

किराया बँकेतच घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. भरलेला घरटॅक्स वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्या भागाच्या कर्जाचं व्याजही धरता येतं. मात्र नव्या कर प्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. कोणती प्रणाली निवडायची, हे सीएकडून पहिला हप्ता जाण्याआधीच काढून घ्या.