थंडी ओसरताना वाचनालयात जा

माघ सरत आला, आंब्याच्या मोहराला कणी धरू लागली की वाचनालयाची एक फेरी माराच. दिवाळी अंकांवर पडलेल्या उड्या एव्हाना थांबलेल्या असतात. ज्या अंकासाठी डिसेंबरात नंबर लावावा लागला, तो आता निवांत कपाटात सापडतो. नवीन पुस्तकं मात्र कपाटात शोधू नका. ती बहुधा टेबलावर नाहीतर ग्रंथपालांच्या मागच्या फळीवर असतात. 'नवीन काय आलंय?' असं सरळ विचारा. रत्नागिरीकरांच्या हाताशी तर 1828 पासूनचं नगर वाचनालय आहे. शिमग्याला चाकरमानी यायच्या आत पुस्तक घरी आणलेलं बरं.

सकाळी खळ्यात बसून वाचायची मजा औरच, पण दंव वाळू द्या. रात्री पुस्तक पडवीत विसरलात तर पानं सर्द होऊन फुगतात. तशी ओलसर झाली तर उन्हात टाकू नका, चिकटवलेली बांधणी उकलते. सावलीत उभं करून, पानं थोडी फाकवून पंख्याखाली ठेवा. आणि खुणेला पान दुमडू नका, आमच्याकडे त्यासाठी सुकलेलं पिंपळपान चालतं.