मुलींच्या ख्रिस्ती निवासी शाळेत परदेशी स्वयंसेवक म्हणून काम करताना

परदेशातील मुलींच्या ख्रिस्ती निवासी शाळेत काही महिने स्वयंसेवा करावी असे मनात आले, की बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग तिकिटांची चौकशी करतात आणि शेवटी आपण कधी येऊ शकतो एवढेच शाळेला कळवतात. शाळेच्या दृष्टीने हा क्रम अडचणीचा आहे. तिथे प्रत्येक तासाला शिक्षिका, प्रत्येक वसतिगृहाला मेट्रन (मुलींची देखरेख करणारी बाई) आणि प्रत्येक सत्राला आखलेले वेळापत्रक असते, आणि त्यात नव्या माणसाला सामावून घ्यायचे तर कुणाला तरी हातातले काम बाजूला ठेवावे लागते. म्हणून पहिले पत्र मुख्याध्यापिकांना लिहावे. त्यात आपले शिक्षण, येणाऱ्या भाषा, शिकवण्याचा अनुभव आणि आपण देऊ शकू तो कालावधी स्पष्ट नमूद करून, सध्या कोणते काम माणसांअभावी अडले आहे हे विचारावे. येणाऱ्या उत्तरावरून शाळेची बरीच पारख होते. पूर्वी काम केलेल्या ठिकाणचे दोन संदर्भ मागणारी, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागणारी आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणारी शाळा आपल्या मुलींबाबत जागरूक असते. जी संस्था काहीही न विचारता अनोळखी माणसाला मुलींच्या वसतिगृहात यायला सांगते, तिच्याकडे जाऊ नये, मग तिच्या कार्याची ख्याती कितीही ऐकलेली असो.

शाळा कोण चालवते हेही आधीच समजून घ्यावे. काही शाळा धर्मभगिनींचे संघ चालवतात. मेरी वॉर्ड यांनी १६०९ मध्ये सुरू केलेल्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या लोरेटो भगिनींच्या मुलींच्या शाळा आज अनेक खंडांत आहेत. काही शाळा धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या, असतात, काही अँग्लिकन, मेथडिस्ट किंवा प्रेस्बिटेरियन मंडळांच्या. केनिया आणि युगांडामध्ये अशाही अनेक शाळा आहेत, की ज्या चर्चने स्थापन केल्या, पण जिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते. अशा ठिकाणी स्थानिक पाद्रीसाहेबांनी तोंडी होकार दिला म्हणून नेमणूक पक्की झाली असे समजू नये. शाळेच्या व्यवस्थापनाचे लेखी पत्र हातात असावे आणि त्यात कामाचे स्वरूप, कालावधी, राहण्याची सोय व आपण कोणाच्या हाताखाली काम करणार हे लिहिलेले असावे.

या शाळांचा इतिहास वाचून जाण्याचा फार उपयोग होतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळची इनांडा सेमिनरी १८६९ मध्ये सुरू झाली आणि युगांडातील गयाझा हायस्कूल १९०५ मध्ये. मुलींना शिकवण्याचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव असलेल्या आणि माजी विद्यार्थिनींच्या कितीतरी पिढ्या पाठीशी असलेल्या शाळेत आपण कुणाचा उद्धार करायला चाललो आहोत ही भावना घेऊन जाणे चुकीचे आहे, आणि ती भावना मुलींना लगेच ओळखू येते. आपण तिथे सहायक म्हणून जातो. शिकवण्याची जबाबदारी तिथल्या शिक्षिकांची असते आणि आपण परतल्यावरही ती त्यांचीच राहणार असते.

निवासी शाळा आणि अनाथाश्रम यांतील फरकही तपासून घ्यावा, कारण काही ठिकाणी शाळेच्या नावाखाली प्रत्यक्षात अनाथाश्रमच चालतो. परदेशी पाहुणे आणि देणग्या यांच्यासाठी पालक हयात असलेल्या मुलांनाही अशा आश्रमांत आणून ठेवले जाते, हे लक्षात आल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१९ मध्ये बालहक्कांवरील ठरावात स्वयंसेवक पर्यटनातून होणाऱ्या या हानीचा उल्लेख केला. मुली सुट्टीत कुठे जातात, पालक भेटायला कधी येतात आणि शाळेची सरकारी नोंदणी कोणत्या खात्याकडे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. खऱ्या निवासी शाळेत सत्र संपताच वसतिगृह रिकामे होते आणि पालकांच्या भेटीचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेले असतात.

कालावधी किमान एका पूर्ण सत्राचा असावा असे माझे ठाम मत आहे. दोन-तीन आठवड्यांत मुलींची नावे जेमतेम पाठ होतात आणि त्या आपल्यापाशी मोकळेपणाने बोलू लागतात तोच निघायची वेळ येते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलींच्या आयुष्यात असे येणेजाणे वारंवार घडू देणे बरे नव्हे. शाळेचे वर्ष सर्वत्र सारखे नसते. केनिया आणि युगांडामध्ये ते साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन तीन सत्रांत चालते, तर इंग्लंडमध्ये सप्टेंबरपासून. पूर्व आफ्रिकेतील शाळांत शेवटचे सत्र बोर्डाच्या परीक्षांचे असते आणि त्या काळात वरच्या वर्गांना नवे उपक्रम नको असतात. अशा वेळी जायचेच असेल तर खालच्या वर्गांसाठी किंवा ग्रंथालयासाठी जावे.

कागदपत्रांच्या बाबतीत एक गैरसमज फार आढळतो. पगार मिळणार नाही, तेव्हा पर्यटक व्हिसा पुरेल, असे अनेकांना वाटते. परंतु बहुतेक देशांचे कायदे बिनपगारी कामालाही काम मानतात. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, आणि तीही तिच्या भेटीचा मुख्य हेतू असता कामा नये. त्याहून अधिक काळासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो. तो पुरस्कर्त्या संस्थेमार्फत मिळतो आणि जास्तीत जास्त १२ महिने राहू देतो. केनियात धर्मकार्य व सेवाकार्यासाठी वेगळ्या वर्गाचा परवाना आहे. परवान्याचे काम शाळेकडून सुरू होते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो हाती येईपर्यंत परत न करता येणारे तिकीट काढू नये. चारित्र्य प्रमाणपत्र फक्त आपल्या देशाचे पुरत नाही. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे दीर्घकाळ वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचे मागितले जाते.

लसीकरणाबाबत थोडक्यात सांगायचे तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण तिचे प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध धरले जाते. हेपेटायटिस बीच्या तीन मात्रा नेहमीच्या क्रमाने सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे सुरुवात लवकर करावी. मलेरियाच्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे आणि आपली क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी, कारण एकाच खोलीत वीस-तीस मुली झोपतात तिथे आपल्यामार्फत आजार शिरता कामा नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे, म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेकडे वळू. १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलांना हिंसेपासून संरक्षणाचा आणि खासगीपणाचा हक्क दिला आहे, व निवासी शाळेत हे दोन्ही हक्क मोठ्या माणसांच्या रोजच्या वागण्यावर अवलंबून असतात. पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी शाळेचे बालसंरक्षण धोरण मागून वाचावे आणि तक्रार कोणाकडे न्यायची त्या व्यक्तीचे नाव विचारून घ्यावे. इंग्लंडमधील प्रत्येक शाळेला अशी व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. इतरत्र ही जबाबदारी बहुधा उपमुख्याध्यापिका किंवा समुपदेशिका यांच्याकडे असते. कोणत्याही मुलीसोबत बंद खोलीत एकटे बसू नये. दार उघडे असावे किंवा बाहेरून दिसेल अशा जागी बसावे. झोपण्याच्या खोल्यांत आणि स्नानगृहांत मेट्रनच्या परवानगीशिवाय जाऊ नये. पुरुष स्वयंसेवकांना बहुतेक शाळा वसतिगृहाच्या आवारात राहू देत नाहीत आणि दिवसाच्या कामापुरतेच घेतात. हा नियम निमूटपणे मान्य करावा. आपला वैयक्तिक फोन नंबर मुलींना देऊ नये, समाजमाध्यमांवर त्यांची मैत्री स्वीकारू नये, आणि पालक व शाळा यांच्या लेखी संमतीशिवाय त्यांची छायाचित्रे काढू नयेत. गणवेशावरचे शाळेचे चिन्ह आणि मुलीचा चेहरा एकाच छायाचित्रात आले, की ती नेमकी कुठे राहते हे कुणालाही शोधता येते.

कधी तरी असेही घडते, की तास संपल्यावर एखादी मुलगी मागे रेंगाळते, रचून ठेवलेल्या वह्या पुन्हा पुन्हा नीट करत राहते आणि मग हळूच म्हणते, "मिस, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगू?" त्या क्षणी होकार देऊन टाकावासा वाटतो, पण तसे वचन देऊ नये. शांतपणे सांगावे, "तू मला सांगू शकतेस. पण तुला धोका आहे असे वाटले, तर तुला मदत करू शकेल अशा एका व्यक्तीला मला ते सांगावेच लागेल, आणि ते कोणाला सांगणार हे मी तुला आधी सांगेन." नंतर ती बोलेल तेवढे ऐकावे, खोदून विचारू नये, तिच्या तोंडी शब्द घालू नयेत. ती गेल्यावर तिने वापरलेले शब्द तसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून काढावेत आणि त्याच दिवशी ते संबंधित व्यक्तीकडे द्यावेत. स्वतः चौकशी सुरू करू नये, आणि सहकारी स्वयंसेवकांमध्ये त्याची चर्चा तर मुळीच नको. तक्रार शाळेतल्याच मोठ्या माणसाविरुद्ध असेल आणि शाळा ती दाबते आहे असे दिसले, तर देशाच्या बालहेल्पलाइनकडे जाण्याचा मार्ग आहे. केनिया आणि युगांडात तिचा क्रमांक ११६ आहे, तर युरोपातील अनेक देशांत ११६१११.

शारीरिक शिक्षेचा प्रश्नही समोर येऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेने शाळांतील मारहाण १९९६ च्या कायद्याने बंद केली आणि युगांडाने २०१६ च्या दुरुस्तीने; तरीही काही शिक्षक छडी हातात घेतात. वर्गात सर्वांसमोर वाद घालू नये, पण पाहिलेली गोष्ट लेखी कळवल्याशिवाय राहू नये. वसतिगृहाची आगीपासूनची सुरक्षितताही डोळ्यांनी पाहून घ्यावी. केनियाच्या २००८ च्या शालेय सुरक्षा नियमावलीत वसतिगृहाची दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत आणि खिडक्यांना गज नसावेत असे सांगितले आहे, कारण तिथे वसतिगृहांतील आगींत मुलींचे प्राण गेले आहेत. रात्री बाहेरून कुलूप लावलेले दार दिसले, तर ते मुख्याध्यापिकांच्या कानावर घालावे.

धर्माविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आपण ख्रिस्ती नसलो तरी अनेक शाळा घेतात, मात्र सकाळच्या चॅपलला, म्हणजे शाळेच्या प्रार्थनेला, आणि रविवारच्या उपासनेला हजर राहावे अशी अपेक्षा असते. ती मान्य नसेल तर अर्ज करण्यापूर्वीच सांगावे. उपस्थित राहणे म्हणजे प्रत्येक विधीत भाग घेणे नव्हे. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, कम्युनिअन (पवित्र भाकर घेण्याचा विधी) कॅथलिकांसाठीच असते. इतरांनी जागेवर बसून राहावे, किंवा प्रथा असेल तिथे छातीवर हात दुमडून आशीर्वाद घ्यावा, आणि नक्की काय करायचे ते चॅप्लेनना, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूंना, आधी विचारून घ्यावे. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट शाळेत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळला जातो, म्हणून त्या वेळात अभ्यासवर्ग किंवा सामने ठेवू नयेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि पवित्र आठवड्यात जेवण, संगीत व खेळ यांचे वेळापत्रक बदलते. मुलींमध्येही सर्वच ख्रिस्ती असतील असे नाही. आपण ख्रिस्ती असू तर त्यांच्या श्रद्धेवर दबाव आणू नये, नसू तर शाळेच्या श्रद्धेवर त्यांच्यासमोर टीका करू नये.

प्रत्यक्ष काम बहुधा साधे असते आणि त्याचा उपयोग मोठा असतो. संध्याकाळच्या प्रेपच्या, म्हणजे स्वाध्यायाच्या, तासाला वर्गात फिरताना एखादी मुलगी गणिताच्या एकाच पायरीवर अर्धा तास अडकलेली दिसते, पण हात वर करत नाही. तिच्या शेजारी बसून तिच्याकडूनच ती पायरी मोठ्याने वाचून घेतली तर बहुतेक वेळा चूक तिलाच सापडते. चाळीस-पन्नास मुलींच्या वर्गात शिक्षिकेला एवढी सवड मिळत नाही. मोठ्याने वाचन, ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, प्रयोगशाळेतील साहित्याची यादी, नेटबॉल किंवा गायनवृंदाचा सराव, ही कामेही शाळांना हवी असतात. पूर्ण वेळ वर्गशिक्षिकेची जागा मात्र घेऊ नये. फुकट येणाऱ्या माणसामुळे स्थानिक शिक्षिकेची नेमणूक लांबणीवर पडते.

भेटवस्तू एकट्यादुकट्या मुलीला देऊ नयेत आणि एखादीची फी भरण्याचे आश्वासन परस्पर देऊ नये. द्यायचे असेल ते शाळेच्या निधीत पावती घेऊन द्यावे, किंवा मेट्रनना विचारून कमी पडणारी वस्तू आणावी. मुलींच्या वसतिगृहात ती अनेकदा सॅनिटरी पॅड असते. कापडी पॅड द्यायचे असतील तर ते धुऊन उन्हात वाळवायला आडोशाची जागा आहे का ते आधी पाहावे, नाही तर मुली ते ओलसर तसेच वापरतात.

आपली जाण्याची तारीख मुलींना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावी आणि सत्राच्या मध्यावर पुन्हा आठवण द्यावी. शेवटच्या पंधरवड्यात नवे काही सुरू करू नये. कोणत्या मुलीला कोणता धडा जड जातो, कोणत्या पुस्तकांची नोंद राहिली, कोणत्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे एका वहीत लिहून ती वही वर्गशिक्षिकेच्या हाती द्यावी. पुढे पत्रे लिहायची असतील तर ती पूर्ण वर्गाला उद्देशून आणि शाळेच्या पत्त्यावरच पाठवावीत.