पावसाळ्यात खताची बादली का सडते? ओला कचरा घरी जिरवताना या चुका टाळा

आमच्या फोंड्यातल्या वाड्यावर दोन वर्षांमागे मे महिन्यात अकरा घरांनी ओला कचरा घरीच जिरवायचं ठरवलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि चतुर्थीपर्यंत सात बादल्या बंद पडल्या. सगळीकडे एकच तक्रार: "वैनी, वास येतो हो." मी सातही बादल्या उघडून पाहिल्या. वर शितांचा चिकट गोळा, मध्ये काळा चिखल, तळाला बोटभर पाणी. सुका पाला एकीतही नव्हता.

दोष कचऱ्याचा नव्हता. भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेला भात यांत पाणी आणि नत्र भरपूर असतं. कार्बन सुक्या पाल्यातून येतो आणि हवेला वाटही तोच करून देतो. हवा कोंडली की हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि कुजका वास सुटतो. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात हेच होतं, तिथे मिथेन तयार होतो. २०१९ च्या मे महिन्यात मडगावजवळच्या सोनसोड्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. आपली भाजीची देठं अशा ढिगावर जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही बादली.

पातेरा जाळू नका

माझ्या मते सर्वांत मोठी चूक पावसाळ्यात होत नाही, जानेवारी ते मार्चमध्ये होते. आंबा, फणस, काजू यांचा पाला त्या दिवसांत अंगणभर पडतो आणि आपण सकाळी झाडून त्याला काडी लावतो. मग जुलैत मूठभर सुका पाला शोधूनही मिळत नाही. एका घराला तांदळाची चार-पाच पोती पातेरा, म्हणजे हाच सुका पाला, पुरतो. हाताने चुरडून भरा आणि पडवीत, जमिनीला न टेकवता ठेवा. झाडं नसतील तर कोकोपीट किंवा सॉ मिलमधला भुसा चालतो. प्लायवूडचा भुसा मात्र नको, त्यात गोंद असतो.

प्रमाण सोपं आहे. एक वाटी ओला कचरा टाकला की दोन वाट्या सुकं, आणि शेवटचा थर नेहमी सुक्याचा. हा थर जाड असला की चिलटंही येत नाहीत.

बादली सडलीच असेल तर फेकू नका. सगळा माल जुन्या ताडपत्रीवर ओता, त्यात दुप्पट पातेरा मिसळा, तळाची भोकं मोकळी करा आणि तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून पुन्हा भरा. मग मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर अजून सुकं घाला. मूठ उघडताच माल भुरभुरला, किंवा मुंग्या झाल्या, तर पाणी शिंपडा. आमच्याकडे तीन दिवसांत वास गेला.

मासळीचं काय?

गोव्यात हा प्रश्न पहिला येतो. बांगड्याची डोकी नि आतडी बाल्कनीतल्या बादलीत नकोतच, मांजरं आणि उंदीर येतात. परस असेल तर माडाच्या आळ्याजवळ हातभर खोल खड्ड्यात पुरा. तिसऱ्यांचे शिंपले आणि करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या ठेवा. कालवणाचं तेल, लोणचं, दूध हेही टाळा.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच. राखाडी जाडसर अळ्याही बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या कचरा झपाट्याने फस्त करतात.

चतुर्थीनंतर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांचं, सामान एकदम बादलीत कोंबलं जातं. ते बारीक चिरून आठवडाभरात थोडं थोडं टाका. माटोळी बांधायचे केवणीच्या सालीचे दोर कुजतात, प्लास्टिकच्या दोऱ्या आणि हारातली जरीची तार आधी काढून घ्या.

खत घाईने काढायचा मोह होतो. अडीच-तीन महिने तरी थांबा. साल ओळखू येत नाही आणि ओल्या मातीचा वास येतो, तेव्हा ते तयार. अर्धं कच्चं खत कुंडीत गेलं की रोप पिवळं पडतं.

बादल्या वाटून थांबलो, ती आमची चूक

शेजाऱ्यांना गोळा करताना आम्ही एक मीटिंग घेतली, बादल्या दिल्या आणि काम झालं असं मानलं. नव्या घराला पहिले चार आठवडे कुणीतरी लागतं, दर रविवारी झाकण उघडून हात घालणारं. वास आल्यावर माणूस लाजतो, सांगत नाही, गुपचूप पुन्हा गाडीत कचरा द्यायला लागतो. म्हणून आता मी स्वतःच फिरते, सोबत अर्धं पोतं पातेरा घेऊन. यंदा फेब्रुवारीपासून सामायिक शेडमध्ये पोती रचतोय. फ्लॅटमधल्या दोन कुटुंबांकडे झाड नाही, त्यांची तीन पोती वेगळी बांधून ठेवली आहेत.