पारावर येशूचा विषय निघाला तर वाद कसा घालायचा

'येशू खरंच झाला का' हा वाद आमच्याकडं पारावर एकदा पेटला की दोन तास जाते, आन् शेवटी जिंकते कोण तर ज्याचा घसा मजबूत हाय तो. तसं होऊ द्यायचं नसन तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या लागते. मी सुरुवातीच्या ख्रिस्ती काळाची उदाहरणं घेऊन राह्यलो, कारण एक तर त्याच्यावर दोनअडीचशे वर्षं खणणं-तपासणं झालं हाय, आन् दुसरं म्हणजे आपल्या गावात बहुतेकायचा जीव त्यात अडकला नसते, म्हणून हात साफ कराले ते बरं.

सगळ्यात आधी प्रश्न फोडा. 'येशू खरा का' ह्यात तीन प्रश्न एकात एक बसले हायेत. गालीलात त्या नावाचा माणूस झाला का, पंतय पिलात ह्या रोमन सुभेदारानं त्याले क्रुसावर दिलं का, आन् तो मेलेल्यातून उठला का. पहिल्या दोनाले बहुतेक सगळे अभ्यासक हो म्हणतात, त्यात नास्तिकही आले. तिसऱ्यावर इतिहास एवढंच सांगू शकते की शिष्यायचा तसा विश्वास लय लवकर बसला, त्याच्यापुढं ज्याची त्याची श्रद्धा. आता होते काय, एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन राह्यला आन् समोरचा तिसऱ्यावर चिडून राह्यला, मंग काय बोलणार?

दुसरं, कोणतंही लिखाण पुढं आलं की विचारा, कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, आन् त्याले हे कळलं कुठून. क्रुसाची घटना साधारण इ.स. ३० ची. पौल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक, त्याची पत्रं ५० च्या दशकातली, आन् गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगते का मी येशूचा शिष्य पेत्र ह्याले भेटलो आन् प्रभूचा भाऊ याकोब ह्यालेही भेटलो. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूच्या जीवनाची कथा, साधारण ७० च्या आसपासचं. रोमन लेखक टॅसिटस येशूच्या मरणाबद्दल ११६ च्या सुमारास लिहिते. मंग वजन कोणाचं जास्त? रोमन हाय, बाहेरचा हाय म्हणून लोक टॅसिटस आधी काढतात, पण मले विचाराल तर पौलाची ती एक ओळ भारी, कारण ज्याच्या भावाले मी भेटलो तो माणूस झालाच नाई, हे म्हणणं अवघड होते.

जुनी पोथी म्हणजे शुद्ध पोथी असंही धरू नका. जोसेफस हा ज्यू इतिहासकार, त्याचा ग्रंथ ९३-९४ चा, त्याच्या अठराव्या भागात येशूवर एक परिच्छेद हाय आन् त्यात चक्क 'हाच ख्रिस्त (म्हणजे देवानं पाठवलेला तारणहार) होता' असं लिहिलं हाय. आता ज्यू माणूस असं काऊन लिहिन? त्यात तिसऱ्या शतकातला ओरिगेन हा ख्रिस्ती पंडित स्वतःच सांगते का जोसेफस येशूले ख्रिस्त मानत नव्हता. म्हणून बहुतेकायचं मत असं की मूळ काहीतरी उल्लेख होता, नंतर नकलणाऱ्या कोण्या ख्रिस्ती हातानं त्याच्यात भर घातली. इथं दोन्हीकडचे लोक घसरतात बरं का. एक म्हणते सगळं खरं, दुसरा म्हणते सगळं खोटं, फेका. अन् त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागात 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब' असा साधा, येताजाता उल्लेख हाय, तो बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात, त्याचं नावच कोणी काढत नाई.

'तोंडी आठवणी हायेत, त्याचा काय भरोसा' असं कोणी म्हटलं तर त्याले रिद्धपूरची आठवण द्या. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर त्यायचा अनुयायी म्हाइंभट ह्यानं लोकायले विचारून विचारून त्यायच्या लीळा, म्हणजे आठवणी, लीळाचरित्रात गोळा केल्या, तेराव्या शतकात, आपल्याच अमरावती जिल्ह्यात. पुढं मूळ पोथी धामधुमीत हरवली आन् आठवणीवरून परत लिहिली अशी पंथाची परंपरा हाय, आन् पोथ्यायमंधी पाठभेदही हायेत. म्हणून कोणी लीळाचरित्र फेकून देते का? नाई. लीळा लीळा पाहून, पाठ जुळवून वाचतात. शुभवर्तमानांले तोच न्याय लावा, कमी नको आन् जास्तही नको. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानं येशूले बाप्तिस्मा (पाण्याची दीक्षा) दिला ही गोष्ट मार्क सरळ सांगते, मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र योहान आधी 'मीच तुमच्याकडून घ्यायला पाहिजे' म्हणून आढेवेढे घेते. गुरूनं दुसऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला हे अनुयायायले अडचणीचं होतं, अन् अडचणीची गोष्ट कोणी मुद्दाम रचत नाई, म्हणून ती खरी असण्याची शक्यता वाढते. वाढते म्हटलं मी, सिद्ध होते नाई म्हटलं.

आता येशूचा शिष्य थॉमस. हा विषय मले सगळ्यात आवडते कारण तो भारतात येते. सिरियाक भाषेत तिसऱ्या शतकात थॉमसची एक कथा लिहिल्या गेली, त्यात येशू त्याले हब्बान नावाच्या व्यापाऱ्याले सुतार म्हणून विकते, तो भारतात गुंदफर राजाकडं येते, राजा महाल बांधाले पैसे देते, हा पैसे गरिबायले वाटून टाकते आन् म्हणते तुमचा महाल स्वर्गात बांधला. गोष्ट म्हणून झकास. मंग एकोणिसाव्या शतकात वायव्येकडं गोंदोफर्नेस नावाच्या राजाची नाणी सापडली, तख्त-ए-बाहीचा शिलालेख सापडला, काळ साधारण पहिल्या शतकातला. झालं, लोक उड्या माराले लागले का थॉमस सिद्ध झाला!

थांबा जरा. नाण्यानं राजा सिद्ध झाला. कथा लिहिणाऱ्याले त्या राजाचं नाव माहीत होतं हेही दिसलं, आन् ही लहान गोष्ट नाई. पण थॉमस त्याच्या दरबारात गेला हे नाण्यावर कुठं हाय? शिवाय हा राजा गंधाराकडचा, आन् केरळातली परंपरा म्हणते थॉमस इ.स. ५२ मधे मुझिरिस ह्या केरळातल्या जुन्या बंदराकडं उतरला. मुझिरिसशी रोमन व्यापार चालत होता त्याचे पक्के पुरावे हायेत, म्हणजे जहाजानं येणं शक्य होतं. म्हणून तीन खण करा, शक्य (होऊ शकलं असतं), संभव (बहुतेक झालं असन), सिद्ध (पक्कं झालं), आन् प्रत्येक दावा कोणत्या खणात टाकायचा तेवढ्यावरच भांडा. केरळातले ख्रिस्ती लय जुने हायेत हे सिद्ध, सहाव्या शतकातला प्रवासी व्यापारी कॉस्मास मलबारात ख्रिस्ती असल्याचं लिहिते. थॉमस स्वतः आला हे शक्य. संभव किती, तिथं मतं फुटतात, अन् फुटू द्या.

व्हॉट्सॲपवरचा माल वेगळा पडते. 'येशू हिमालयात शिकला' हे दर डिसेंबरात येते. त्याचं मूळ म्हणजे १८९४ मधे नोतोविच ह्या रशियन माणसानं छापलेला दावा, का लडाखच्या हेमिस मठात मले येशूवरची पोथी वाचून दाखवली. १८९५ मधे आग्र्याचे एक प्राध्यापक डग्लस तिथं गेले तर मठाच्या प्रमुखानंच असं काही झालं नाई म्हणून सांगितलं. अशा वेळी वाद घालत बसू नका, फक्त विचारा, ती पोथी कुठं हाय? तसंच 'बायबलात कोणती पुस्तकं ठेवायची हे ३२५ च्या निकायाच्या, म्हणजे ख्रिस्ती बिशपांच्या, सभेत ठरवलं' हेही फिरते, ते चूक हाय, आज असलेल्या २७ पुस्तकायची यादी पहिल्यांदा दिसते अथनासियस ह्या अलेक्झांड्रियाच्या बिशपच्या ३६७ च्या पत्रात.

बसायची रीत पण सांभाळा. समोर मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती घर असन, किंवा महानुभाव काका असन, तर त्यायच्या देवावर बोलू नका, कागदावर बोला. पोट्ट्यायले सवय असते 'पुरावा दाखव' म्हणून ओरडायची, त्यायले म्हणा आधी तूच सांग, काय दाखवलं तर तुझं मत बदलन? दोघायनंही हे सुरुवातीलेच सांगून टाकायचं. एखादा म्हणाला का काही बी दाखवा मी मानणार नाई, तर त्याच्याशी ह्या विषयावर बोलून फायदा नाई, त्याले चहा सांगा आन् सोयाबीनवर या.