लिंकेला कात्री कुठे लावायची

मी मुद्रितशोधन करते. पूर्वी तळटीपांमध्ये ऱ्हस्व-दीर्घ बघावं लागे, आता लिंका निस्तराव्या लागतात. गेल्या महिन्यात आलेली एक तळटीप सात ओळींची होती. त्यातलं लेखकाचं वाक्य अर्ध्या ओळीचं, बाकी सगळी लिंक. असली लिंक छापली तर बघून टाइप करणारा वाचक मला अजून भेटायचाय.

कात्री लावण्याआधी लिंकेतलं प्रश्नचिन्ह शोधा. त्याच्या आधी असतो पत्ता, म्हणजे साइट आणि तिच्यावरचं पान. त्याच्यापुढे & या खुणेने जोडलेल्या सूचना असतात. त्यांतलं यूटीएमने सुरू होणारं सगळं बिनधास्त उडवा. तुम्ही कुठल्या जाहिरातीवरून किंवा मेलवरून आलात, हे मोजण्यापुरतंच ते असतं. (यूटीएममधला 'यू' अर्चिन या कंपनीचा. गूगलने ती २००५ साली घेतली, नाव मात्र लिंकांना चिकटून राहिलं.) एफबीक्लिड आणि जीक्लिड त्याच जातीचे.

पण प्रश्नचिन्ह दिसलं की सरसकट कापू नका. मी कापलं होतं. यूट्यूबच्या लांब लिंकेत प्रश्नचिन्हापुढच्या 'व्ही='नंतरची अकरा अक्षरं हाच तो व्हिडिओ असतो. ती गेल्यावर काय उघडणार? सुदैवाने दुसऱ्या प्रुफात सापडलं. तिथे 'टी=' असेल तर व्हिडिओ ठरावीक सेकंदापासून सुरू होतो, म्हणून तेही ठेवते. 'एसआय=' जाऊ द्या. अ‍ॅमेझॉनवर उलटा प्रकार: पुस्तकाचं लांबलचक नाव नुसतं शोभेचं, साइटच्या नावापुढे 'डीपी' आणि त्यानंतरची दहा अक्षरं एवढं पुरतं. # च्या पुढचा भाग बहुधा पानातल्या नेमक्या जागी नेतो, तो मी सहसा तसाच ठेवते.

आता आपलं खास दुखणं. मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी करून डकवली की देवनागरी जाऊन %ई०%ए४ अशी खडी पडते. त्यात फालतू काही नसतं, ती आपलीच अक्षरं असतात. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि लिंकेत एकेक बाइट टक्क्यासकट तीन चिन्हांचा होतो. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे पंचेचाळीस चिन्हं! इथे कात्री चालत नाही. क्रोममध्ये पत्ता निवडताना सुरुवातीच्या एचटीटीपीएसमधलं पहिलं एच तेवढं सोडा, बाकीचा कॉपी करा आणि एच हाताने लिहा. देवनागरी शाबूत येते. छापायचं असेल तर विकिमीडियाची स्वतःची लघुलिंक सेवा वापरा.

इतर लघुलिंकांवर माझा भरवसा कमी. एक तर आत काय आहे ते दिसत नाही, आणि सेवा बंद पडली की तळटीप मेली. गूगलनेसुद्धा २०१९ साली आपल्या सेवेत नव्या लिंका देणं थांबवलं.

लिंकेला लागून पूर्णविराम देऊ नका, हे मी लेखकांना सांगून दमले. कधीकधी तो लिंकेचाच भाग समजला जातो आणि पान सापडत नाही. मध्ये जागा सोडा किंवा लिंक वेगळ्या ओळीवर घ्या. पासवर्ड बदलण्याची किंवा लॉगिनची लिंक असेल तर ती छाटत बसू नका, कुणाला पाठवूच नका; ती किल्ली असते.

छाटलेली लिंक खासगी विंडोत उघडून बघा. नेहमीच्या विंडोत तुम्ही लॉगिन केलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला उघडणारं पान दुसऱ्याला उघडेलच असं नाही.