कंट्रोल सरफेसचे फेडर परत हलत नाहीत? या चुका टाळा

कंट्रोल सरफेस म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हाताने चालवायचा, फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) आणि बटणं असलेला डबा. मोटरवाला, म्हणजे फेडर आपोआप हलणारा, सरफेस घेतला की त्याच संध्याकाळी फोन येतो. "दादा, इथला फेडर सरकवला की स्क्रीनवरचा हलतो, पण माउसने हलवला की इथला ढिम्म. पीस खराब आलाय का?"

पीस बहुतेक वेळा चांगला असतो. इनपुट (सरफेसकडून सॉफ्टवेअरकडे) निवडलेलं असतं आणि आउटपुट (सॉफ्टवेअरकडून सरफेसकडे) तसंच सोडून दिलेलं असतं. क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ सेटअपमध्ये मॅकी कंट्रोल (सरफेस आणि सॉफ्टवेअरमधली संदेशांची एक ठरलेली पद्धत) जोडलं की मिडी (वाद्यं आणि उपकरणांमधले संदेश) इनपुट आणि मिडी आउटपुट असे दोन रकाने येतात. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही सरफेसच्या नावापुढे दोन्ही असतात. मोटर, बटणांचे दिवे, ट्रॅकची नावं दाखवणारी पट्टी, हे सगळं सॉफ्टवेअरने निरोप पाठवला तरच चालतं. मी आउटपुट आधी भरतो आणि इनपुट नंतर. इनपुट विसरलं तर लगेच कळतं, आउटपुट विसरलं तर तासभर शोधत बसावं लागतं.

आता माझा जीव सगळ्यात जास्त खाणारी चूक. मॅकी पद्धतीत फेडरची जागा पिच बेंडच्या (सूर वर-खाली वाकवणाऱ्या) संदेशाने जाते, 0 ते 16383 अशा आकड्यात. म्हणजे सरफेसचा पोर्ट (मिडी संदेशांची जोडणी) वाद्याच्या ट्रॅकवर पोचला, तर फेडर सूरच वाकवतो.

गणपतीच्या गाण्यांचं काम होतं, वेळ रात्रीची. स्ट्रिंग्जच्या ट्रॅकचं इनपुट "ऑल मिडी इनपुट्स" होतं आणि मॉनिटर (येणारा संदेश लगेच वाद्यापर्यंत सोडणारं बटण) चालू राहिलेला. मी पहिला फेडर शून्य डीबीवर नेला आणि स्ट्रिंग्ज जवळपास अर्ध्या स्वराने चढल्या. कीबोर्डवरचं पिच बेंडचं चाक सोडलं की मध्यावर येतं, फेडर जिथे ठेवाल तिथेच राहतो, त्यामुळे सूरही चढलेलाच राहिला. आत गाणारी मुलगी तीनदा थांबली, तीनदा "सॉरी, माझाच सूर जातोय" म्हणाली. मीही तिला "जरा खाली घे" म्हणालो. चौथ्या टेकला फेडर खाली ओढला, तशा स्ट्रिंग्ज आमच्यासमोर घसरत गेल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. तिची माफी मागितली, पण तोवर तिचा गळा दमला होता. ते गाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागलं.

तेव्हापासून सरफेस जोडला की आधी हेच करतो. क्यूबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपमध्ये त्या पोर्टची "इन ऑल मिडी इनपुट्स" ही खूण काढतो. लाइव्हमध्ये त्या इनपुटचं "ट्रॅक" बंद करतो. सरफेसचा पोर्ट फक्त सरफेससाठी.

फेडर बोटाशी भांडत असेल, तर बोट नीट लावा. पेनच्या टोकाने किंवा नखाने ढकलणारे मी पाहिलेत. फेडरच्या टोपीला कातडीचा स्पर्श कळला, तरच सॉफ्टवेअरला "हात लागलाय" हा निरोप जातो आणि मोटर सैल पडते. नाहीतर ती फेडर जुन्या जागी ओढते आणि टच ऑटोमेशनही (हात लागलेला असताना फेडरच्या हालचालीची नोंद) लिहिलं जात नाही.

सरफेसवर मॅकी आणि सॉफ्टवेअरमध्ये एचयूआय (तशीच दुसरी संदेशपद्धत), किंवा उलट, असं ठेवू नका. दोन्ही पद्धतींचे संदेश वेगळे असतात.

विंडोजवर कंपनीचं सेटिंग सॉफ्टवेअर मागे उघडं ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये एक पोर्ट एकाच प्रोग्रामला मिळतो.

आठ चॅनलचा एक्सटेंडर (जादा फेडरचा पुरवणी डबा) जोडलात, तर त्याला वेगळं उपकरण म्हणून त्याचा स्वतःचा पोर्ट द्या. मुख्य सरफेसचाच पोर्ट दिला तर एक्सटेंडर नीट चालणार नाही.

लाइव्हमध्ये तयार स्क्रिप्ट (त्या उपकरणासाठी आधीच लिहिलेली जोडणी) नसलेला साधा कंट्रोलर हाताने मॅप करताना, म्हणजे कोणतं बटण काय करेल ते ठरवताना, आउटपुटचं "रिमोट" चालू करा, नाहीतर दिवे लागणार नाहीत. तयार टेम्प्लेट (दुसऱ्या कोणी केलेली मांडणी) उतरवून बसवण्याची घाई नको. ते ज्याने केलं, त्याचे पोर्ट तुमच्याकडे नसतात. एक फेडर आणि एक बटण आधी स्वतः जोडा, माउसने हलवून बघा. माउसबरोबर सरफेसवरचा फेडरही हलला की मगच पुढचे सात.